बोर्डाच्या दिवशी मी बरा होतो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईच्याही आधी गुरुजींचं नाव घेतो. आईची त्याबद्दल काही तक्रार नाही. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथे जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा होती आणि चारही वर्ग गुरुजी एकटे सांभाळायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत टिकलं नव्हतं. मी टिकलो, पुढे तालुक्याला आणि मग शेगावला शिकून बी.ए. झालो, कारण गुरुजींनी मला मोठ्यानं वाचायला शिकवलं आणि मला त्याची गोडी लागली.

"पोटातून वाच बे," ते म्हणायचे. "मांगच्या भिंतीले ऐकू गेलं पाह्यजे."

शाळा तपासायला साहेब यायचे, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही पोरं अंगण सारवायचो, नखं कापायचो. सकाळी आया आमच्या डोक्याला तेल थापायच्या. साहेब आत आले की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं. त्यांनी "कसं काय मुलांनो?" म्हटलं की सगळ्यांनी एका आवाजात "छान आहे साहेब" म्हणायचं. मग गुरुजी मला उठवायचे आणि मी एक पान वाचायचो. साहेब मान डोलवायचे. ज्यांना वाचता येत नसे ती पोरं त्या वेळी वर्गात नसायची. ती हातपंपावर पाणी भरायला गेलेली असायची. यात कोणाला काही गैर वाटत नसे. पाहुणे आल्यावर घरातली फाटकी गोधडी आपण खाटेखाली सारतो, तसंच ते.

माझा आजार पहिल्यांदा दिसला तो वाचतानाच. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. गावात पदवी घेतलेला मी एकटाच, म्हणून वाचन माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी दुसऱ्या पानावर माझा आवाज नाकातून येऊ लागला, शब्द पसरट झाले आणि मग आवाज विझलाच. समोरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांना वाटलं, वाचता वाचता पोराचा कंठ दाटून आला. पुढचे काही दिवस तसंच होत राहिलं आणि माझ्या वाचनाची कीर्ती वाढली. आमच्या शेजारच्या काकू तर रोजचं वाचन मोबाइलमध्ये भरून पुण्याच्या लेकीला पाठवायला लागल्या.

नंतर डाव्या डोळ्याची पापणी खाली यायला लागली. एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्यानं एकदा कप पुढे करत विचारलं, "काऊन बे मास्तर, दुपारीच लावून आला काय?" मी हसलो. तालुक्याच्या ज्या खासगी शिकवणी वर्गात मी शिकवत होतो, तिथे दुपारच्या तासाला माझं बोलणं पोरांना कळेनासं झालं. वर्गाच्या मालकांनी मला चांगल्या शब्दांत घरी आराम करायला सांगितलं. तो आराम अजून चालू आहे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्ताच्या आणि नसांच्या तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. हजारोंत एखाद्याला होणारा. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो, स्नायू तो सुरुवातीला ऐकतो, मग ऐकेनासा होतो. विश्रांती दिली की पुन्हा ऐकतो. म्हणून सकाळी उठलेला मी आणि संध्याकाळचा मी ही दोन वेगळी माणसं आहेत. गोळी घेतली की काही तास ताकद येते, आणि गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत.

त्या गोळ्या आईच्या मानधनातून येत होत्या. आई आमच्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. मानधन लांबलं की मी प्रत्येक गोळीचे दोन तुकडे करून अर्धी अर्धी घ्यायचो. अर्ध्या गोळीवर भाकरी चावताना जबडा मध्येच थांबतो. अपंगत्वाचा दाखला मिळाला, त्यावर चाळीस किंवा जास्त टक्के लिहिलेले असले, तर तहसीलमधून महिन्याचं अनुदान सुरू होणार होतं आणि गोळ्या पूर्ण घेता येणार होत्या. मला दाखला हवा होता तो एवढ्यासाठी.

मी तयारी अगदी मनापासून केली. सेतू केंद्रात ऑनलाइन अर्ज भरला. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावले आणि खराब होऊ नयेत म्हणून त्यांना लॅमिनेशन करून घेतलं. आमच्याकडे महत्त्वाच्या कागदाला माणूस आधी लॅमिनेशन करतो, मग पेटीत किंवा कपाटात ठेवतो. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल्यासाठी तपासणी करणारं वैद्यकीय बोर्ड बसतं, त्याची तारीख आली. त्या सकाळी आईनं लग्नकार्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

"मोठ्या साहेबायपुढं चालला," ती म्हणाली. "आजाऱ्यावानी नोको जाऊ."

मी दाढी केली, डोक्याला तेल लावलं. प्रवासात ताकद टिकावी म्हणून त्या दिवशी अख्खी गोळी घेतली आणि घाट चढताना बसमध्ये डोळे मिटून पडून राहिलो. दवाखान्यात नंबर लवकर लागला. टेबलावरच्या बाबूनं कागद चाळले.

"हे चिकट करून काऊन आणले दादा? यावर शिक्का बसत नाई." मग संगणकात पाहून म्हणाला, "अन् यादीत तुमच्या रोगाचं नावच नाई. कायच्यात टाकू?"

मी म्हणालो, "तुम्हांला योग्य वाटेल त्यात टाका." त्यानं हातापायाच्या अपंगत्वात टाकलं.

आत डॉक्टर होते. ते बोलायला लागताच मी उभा राहिलो. "बसा, बसा," ते म्हणाले. माझे हात वर धरायला लावले, वरून दाबले आणि मी पूर्ण जोर लावून ते अडवले. उठाबशा काढायला लावल्या, मी काढल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"बरं आहे साहेब," मी म्हणालो. मागच्या भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"चांगली गोष्ट आहे. ताकद छान आहे तुमची," ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. दाखल्यावर चाळीसच्या बरेच खालचे टक्के आले.

परतीची बस शेगावला बदलावी लागते. निवृत्तीनंतर गुरुजी शेगावला मुलाकडे राहायला गेले होते. खाली मुलाचं पूजेच्या सामानाचं दुकान आणि वर दोन खोल्या. मी वर गेलो तेव्हा दिवस कलला होता आणि सकाळची गोळी उतरली होती. गुरुजींना अलीकडे फार कमी ऐकू येतं. ते समोरच्याच्या तोंडाकडे बघतात आणि "हाव, हाव" म्हणत मान हलवतात. पुष्कळ लोकांना त्यांना ऐकू येत नाही हे माहीतच नाही.

मी बोर्डाची हकिकत सांगायला लागलो. गुरुजी माझ्या ओठांकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला.

"थांब बे. सुरुवातीले मले समजून राह्यलं होतं. मंग तुये ओठ बंद पडले. आता काईच समजून नाई राह्यलं."

मी पापण्या मिटून भिंतीला टेकलो. पुन्हा बोलण्याइतका आवाज आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं डॉक्टरापुढं असे बंद पडले होते काय?"

"नाही गुरुजी."

"काऊन?"

"तिथं मी फार बोललोच नाही."

"काय बोलला?"

"बरं आहे साहेब."

हे ओठ त्यांना बरोबर समजले. ते हसले, खूप हसले, मुलगा दुकानातून वर बघायला आला. तो गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"हे मीच शिकवलं तुले," ते म्हणाले. "साहेब आला की कच्चे पोट्टे मी पाण्याले धाडत होतो. तुले पुढं उभा करत होतो. साहेब खूश. शेरा काय लिवायचा? शाळा उत्तम. अन् मी दरवर्षी अर्ज करत होतो का चार वर्गाले एक मास्तर पुरत नाई, दुसरा द्या. कायले देतीन? उत्तम शाळेले दुसरा मास्तर कोन देते? एखांदं कच्चं पोट्टं साहेबापुढं बसवलं असतं तं मास्तर भेटला असता."

मी म्हणालो, मुद्दाम आजारी दिसायचं हे मला जमणार नाही. ते ढोंग होईल.

"ढोंग तं तू करून आला बे!" गुरुजी म्हणाले. "बरा नसून बरा दिसला. त्याले काय म्हन्तेत? आता फेरतपासणीचा अर्ज टाक, अन् जे हाय ते दाखव. रत्तीभर जास्त नाई, रत्तीभर कमी नाई. कच्चं पोट्टं पुढं बसव."

फेरतपासणीचा अर्ज केला आणि पुरावा गोळा करायला बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझ्याजवळचा प्रत्येक कागद माझ्याविरुद्ध बोलत होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी दर भेटीत "कसे आहात?" विचारलं होतं, मी दर वेळी "बरं आहे" म्हणालो होतो, आणि त्यांनी दर वेळी तसंच लिहिलं होतं. प्रकृतीत सुधारणा. प्रकृती स्थिर. तक्रार नाही. मी पुन्हा अकोल्याला गेलो आणि डॉक्टरांना गोळीच्या तुकड्यांपासून सगळं सांगितलं. ते चिडले.

"अर्ध्या गोळीवर राहत होता आणि मला सांगत होता बरं आहे?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणालो. हे खरं होतं. इतक्या मोठ्या डॉक्टरांच्या औषधानं गुण येत नाही, हे त्यांना तोंडावर सांगणं मला उद्धटपणाचं वाटायचं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ लिहीत बसले. स्नायू विश्रांतीनंतर ठीक असतात, वापरल्यावर थकतात, म्हणून रुग्णाची तपासणी त्याला श्रम करायला लावून करावी, असं त्यांनी स्पष्ट लिहून सही-शिक्का दिला. त्या कागदाला मी लॅमिनेशन केलं नाही.

घरी मी एका कोऱ्या कागदावर कोणती कामं कुठे अडतात ते लिहायला बसलो. केस विंचरताना हात खाली येतो. शर्टाची वरची बटणं आई लावते. भाकरी वरणात कुस्करून द्यावी लागते. आईला मी वाचून दाखवलं तशी ती उठूनच उभी राहिली.

"हे बटनाचं नोको लिवू."

"काऊन?"

"पोरीवाले वाचतीन ना बाबू."

"आई, हा कागद दवाखान्यात जाते."

"कागदाचं काय सांगता येते? आज दवाखान्यात, उद्या गावात."

आम्ही त्यावर दोन दिवस वाद घातला. शेवटी तिनंच तोडगा काढला. बटणाचं राहू द्यायचं, पण वर लिहायचं की मुलगा स्वभावानं चांगला आहे आणि बी.ए. आहे. मी तेही लिहिलं. तो कागद तसाच फाइलमध्ये लागला.

काकूंकडे मी विहारातल्या वाचनाची रेकॉर्डिंग मागितली. त्यांनी सगळी जपून ठेवली होती.

"तुया कंठ दाटून येते ना," त्या म्हणाल्या, "तेवढंच मी परत परत ऐकत असते."

तो आजार होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना थोडं वाईट वाटलं. मग म्हणाल्या, "असू दे. मले तं रडू आलं होतं ना, ते खोटं थोडीच होतं?" आणि रेकॉर्डिंग पाठवून दिली. मी ती एकापाठोपाठ ऐकली. प्रत्येकीत पहिलं पान खणखणीत होतं आणि शेवटी शेवटी कोणीतरी दुसराच माणूस पाण्याखालून वाचत होता.

दुसऱ्या वेळी गुरुजी बरोबर आले. शेगावहून बसमध्ये चढले. गोळी चुकवायची नाही, नेहमीच्या वेळी नेहमीसारखीच घ्यायची, असं आम्ही ठरवलं होतं. त्या महिन्यात नेहमीसारखी म्हणजे अर्धी. शर्ट रोजचा होता. दाढी मात्र केली होती, त्या बाबतीत आईनं ऐकलंच नाही. बसमध्ये मी डोळे मिटून पडलो नाही, खिडकीतून घाट बघत बसलो.

दवाखान्यात मी बाबूला म्हणालो, माझा नंबर शेवटी घ्या.

"अजब आहे राजेहो," तो शेजारच्याला म्हणाला. "लोक आधी घ्या म्हणून भांडतात, अन् हे मास्तर म्हणते शेवटी घ्या. काऊन, दुपारचा मुहूर्त हाय काय?"

"सकाळी मी बरा असतो," मी म्हणालो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझी फाइल सगळ्यात खाली सरकवली.

आम्ही बाकावर बसलो. शिपाई आला आणि गुरुजींना विचारलं, "बाबा, तुम्ही पेशंटचे कोण?"

"हाव, हाव," गुरुजी हसून म्हणाले.

"कोण म्हणून इचारलं बाबा."

"हाव."

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. "बाबाले ऐकू येत नाई काय?"

"येतं, येतं," मी घाईनं म्हणालो.

नंबर लागला तेव्हा तेच डॉक्टर होते. मी या वेळी उभा राहिलो नाही. बसून राहणं मला उठाबशांपेक्षा जड गेलं. त्यांनी अकोल्याचं पत्र वाचलं, घरच्या कागदावर नजर टाकली, बी.ए.पाशी थोडे थांबले. मी मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावायला लागलो.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "आत्ता वाचता का?"

टेबलावर त्या दिवशीचा पेपर पडला होता. मी तो घेतला. कापसाच्या भावाची बातमी होती. पहिला परिच्छेद पोटातून वाचला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. दुसऱ्या परिच्छेदात आवाज नाकात गेला. ओळी दोन दोन दिसायला लागल्या. डावी पापणी उतरली, मग उजवी. साहेबांसमोर वाचताना अडखळायचं नाही, ही शिकवण माझ्या हाडात होती, आणि मला एवढंच वाटत होतं की आता पेपर खाली ठेवावा आणि माफी मागावी. दार अर्धं उघडं होतं. दारात गुरुजी उभे होते आणि माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली नाही. मी वाचत राहिलो. शेवटी जे निघत होतं त्याला वाचन म्हणता येणार नाही.

"आता हात वर धरा," डॉक्टर म्हणाले. मी धरले. या वेळी त्यांना दाबावे लागले नाहीत. ते आपोआप खाली आले.

"आता कसं वाटतंय?"

"बरं" तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि मान नकारार्थी हलवली. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि निकाल मोबाइलवर कळेल असं सांगितलं.

बाहेर आल्यावर गुरुजींनी मला बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. "पह्यल्यांदाच इतकं खराब वाचला तू," ते म्हणाले. "शाब्बास."

निकाल आला तेव्हा गुरुजींना फोन करण्यात अर्थ नव्हता. त्यांना ऐकू येत नाही आणि माझा आवाज टिकत नाही. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं होतं.

"आदरणीय गुरुजी,

सविनय प्रणाम.

दाखला आला. टक्के चाळीसच्या वर आहेत. तात्पुरता आहे, काही वर्षांनी पुन्हा तपासणीला जावं लागेल, तेव्हा पुन्हा खराब वाचावं लागेल. तहसीलमध्ये अर्ज दिला होता, तो मंजूर झाला. या महिन्यापासून गोळी अख्खी घेतो. काल भाकरी न कुस्करता खाल्ली. आई बघत होती, तिनं दुसरी वाढली.

वर्षावासाचं वाचन आता मी आणि काकूंची नात मिळून करतो. सुरुवात मी करतो, माझा आवाज गेला की ती पुढे वाचते. ती वाचताना चुकते, पण आम्ही तिला पुढेच बसवतो.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी शिपायानं विचारलं होतं की बाबांना ऐकू येत नाही का. मी 'येतं' म्हणालो. तुमचा विद्यार्थी आहे, म्हणून तसं म्हणालो. ते बरोबर नव्हतं. त्याच दवाखान्यात कान तपासतात, मी बाबूंकडे चौकशी केली आहे. कानाची मशीन मिळण्याचीही सोय आहे. मी शेगावला येतो, आपण सोबत जाऊ. या वेळी दारात मी उभा राहीन.

आधार कार्ड आणि दोन फोटो काढून ठेवा. कशालाही लॅमिनेशन करू नका. दाढी करायची तर करा. पण डॉक्टरांनी काही विचारलं आणि ऐकू आलं नाही, तर गुरुजी, मान हलवू नका.

आपला विद्यार्थी"